सातवी गल

मारुती चौकातून आत, पेंडीच्या दुकानाला खेटून
मगदूम अण्णांची खोली. तीन टीव्ही, दोन बाकं,
रुपयाला दहा मिनिटं,
आणि भिंतीवर खडूनं: रिमोट आपटणाऱ्यास दंड.

सगळ्यांना मारामारीची कॅसेट पाहिजे असायची.
गोल्फची पडून राहायची, म्हणून ती आमच्या वाट्याला.
हिरवा चौकोन, पांढरा ठिपका,
टोपीवाला एक जाड्या काठी उगारून उभा,
कुणी बटण दाबीपर्यंत जन्मभर तसाच.
आम्ही भोकाला गल म्हणायचो, गोट्यांतल्यासारखं.
बोगी म्हणजे मिरजेहून सुटते ती.
बर्डी म्हणजे काय ते अण्णांनाही ठाऊक नव्हतं.
'चांगलं असतंय,' म्हणायचे, 'आलं की शिट्टी वाजतीय.'

रेहाना बागवान कानांनी खेळायची.
पट्टी सरकताना जी टिकटिक व्हायची
तिच्यात कुठंतरी श्वास धरायची, आणि सोडायची.
बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग.
अठरा गलींत चौदा खाली.
बाकावरची पोरं गप्प.
मग एकजण म्हणाला, मशीन बिघडलंय.

डब्यात एक चिठ्ठी होती, घडीवर फाटलेली:
बारा खाली आणा, पडद्याचा फोटो पाठवा,
सोनेरी कॅसेट बक्षीस. मोजक्याच काढल्यात.
फोटो मी काढला. मामाच्या लग्नाच्या रोलमधले तीन उरले होते.
पहिल्यात फ्लॅशचा गोळा, आकडा गायब.
दुसऱ्यात पडद्यावर आडवा काळा पट्टा.
तिसऱ्याला अण्णांनी दाराला गोणपाट लावलं,
मी श्वास धरला, तिच्यासारखा,
आणि आला: उणे चौदा, वर काचेत तिची वेणी.

पाठवला. पावसाळा गेला. आणखी एक गेला.
आठवीनंतर रेहाना आत्याकडं इचलकरंजीला.
खोलीत झेरॉक्सचं मशीन आलं.

अण्णा वारले त्याला चार वर्षं झाली होती,
पूर ओसरल्यावर मी त्यांच्या गल्ल्याचा खण उपसला.
गाळ, लगदा झालेली पावतीपुस्तकं,
आणि तीन पिशव्यांत, एकीवर एक गाठ मारून, ती.
सोनं कसलं, राजापुरी हळदीचा रंग.
पाठीवर बॉलपेन, अण्णांचं तिरकं अक्षर:
'रेहानाची आहे. विकू नये.'

पुण्याच्या माणसानं फोनवर आकडा सांगितला
आणि मी स्टुलावर बसलो.
मोबाइलच्या काचा बदलून दोन वर्षांत मिळतं तेवढं.
मग विचारलं, मागं काही लिहिलंय का?
लिहिलं असेल तर निम्मे.
थिनरनं जातं म्हणे. बोळा घ्यायचा, हलक्या हातानं.
थिनर माझ्या टेबलावरच असतो. कापूसही.

शेवटाकडून सुरू केलं.
'नये' पटकन गेलं, जसं काही घाईतच होतं.
उरलं ते वाचलं:
रेहानाची आहे. विकू.

कापूस तसाच हातात घेऊन बाहेर आलो.
नंबर केळीबाजारातनं मिळाला, तीन माणसं ओलांडून.
पलीकडं मागाची खटखट, तिला ओरडावं लागत होतं.
कोण? कुठला अण्णा? कसला गोल्फ?
मी सांगत गेलो. खोली, गोणपाट, काचेतली वेणी.
कॅसेटचं अजून तोंडाशी यायचं होतं.
तेवढ्यात कुणीतरी माग बंद केला, की ती बाजूला गेली, कोण जाणे.
'सातव्या गलीला,' ती म्हणाली,
'वारा डावीकडनं यायचा बघ. पुढं तळं.
तुम्ही सगळे सरळ मारायचा.'

बोटाला थिनरचा वास येत होता.
'सरळ मारायचा आणि बुडायचा,' ती म्हणाली,
आणि हसली, का खोकली.